कुणी पाठवलंय तुला?

काकू, नमस्कार. मी मूळची सांगलीची. लग्नानंतर अमेरिकेत आले, त्याला सोळा वर्षं झाली. शिकागोच्या एका उपनगरात राहतो. कायद्याचं शिक्षण इथेच घेतलं आणि नऊ वर्षं वकिली करतेय. मजुरी बुडवलेल्या कामगारांची प्रकरणं जास्त. नागरिकत्व मिळालंय. आमच्या भागातले राज्य विधिमंडळाचे प्रतिनिधी निवृत्त होताहेत आणि पक्षातली चार माणसं म्हणताहेत, तू उभी राहा. मन ओढतंय. पण माझं स्वप्न आहे फेडरल जज, म्हणजे केंद्राच्या न्यायालयात न्यायाधीश, होण्याचं. बाबा सांगलीच्या कोर्टात बेंच क्लार्क होते. ते म्हणतात, एकदा पक्षाचा झेंडा हातात घेतलास की जजच्या खुर्चीचं नाव काढू नकोस, पाटी कोरी ठेव. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव, पण मुलगी चार वर्षांची आहे, राजधानीच्या, स्प्रिंगफील्डच्या खेपा कोण करणार? वकील, मग लोकप्रतिनिधी, मग न्यायाधीश असं खरंच होतं का?
– दोन डगरींवरची

अगं, आधी बाबांबद्दल. त्यांचं म्हणणं मला चटकन कळलं, कारण मी सत्तावीस वर्षं पुण्यात शिवाजीनगर कोर्टात काढली. आमच्या बार रूममधली एक मैत्रीण जे.एम.एफ.सी.ची, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची, परीक्षा पास झाली. नेमणुकीच्या आदल्या शनिवारी आम्ही पाचजणींनी मिळून शेवटची मिसळ खाल्ली. शेवटची म्हणजे खरोखर शेवटची. त्यानंतर लग्नकार्यात भेटली की ती घरच्यांच्या पंगतीत बसायची, आणि आम्ही वकील मंडळी जवळ गेलो की बोलणं पावसापाण्यावर यायचं. आम्हाला राग यायचा, पण तिचं बरोबर होतं. तुझ्या बाबांनी असे जज आयुष्यभर तीन फुटांवरून पाहिले. अकरा वाजता पट्टेवाला दार उघडतो, सगळे उठतात, आणि आत येणारा माणूस कुणाचाच नसतो. त्यांच्या डोळ्यांपुढे तू तशी येतेस. ही माया आहे, तिच्याशी वाद घालू नकोस.

फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नाही. तिकडे परीक्षा नाही.

फेडरल जजचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट, म्हणजे तिकडच्या संसदेचं वरचं सभागृह, त्यावर मतदान करतं. संविधानात वयाची अट नाही, अनुभवाची नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. जिल्हा न्यायालयातली जागा असेल तर त्या राज्याच्या दोन सिनेटरांना आधी विचारायची प्रथा आहे. त्यांच्याकडे निळ्या कागदाची चिठ्ठी जाते आणि ती परत आली नाही तर नाव बहुधा तिथेच अडकतं. नेमणूक झाली की मात्र तहहयात. म्हणजे खुर्ची राजकारणाबाहेर असली, तरी तिच्याकडे जाणारी वाट राजकारणाच्या अंगणातूनच जाते. पाटी इतकी कोरी ठेवलीस की त्यावर नावही नाही, तर त्या दोन सिनेटरांना तू कळणार कशी?

तुझ्याच शहरातल्या एका माणसाची हकीकत सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. ॲबनर मिक्वा. आधी वकील, मग लोकप्रतिनिधी, मग न्यायाधीश. जन्म १९२६, मिलवॉकीचा. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू, घरात यिडिश बोलली जायची. १९४८ साली हा शिकागो विद्यापीठात कायदा शिकत होता. निवडणुकीचे दिवस होते. संध्याकाळी घरी जाता जाता डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉर्ड ऑफिसात शिरला आणि म्हणाला, मला फुकट काम करायचंय. तिथल्या कमिटीमनने, म्हणजे वॉर्डातल्या पक्षप्रमुखाने, तोंडातली सिगार काढून विचारलं, कुणी पाठवलंय तुला? कुणी नाही. सिगार परत तोंडात. कुणी न पाठवलेलं माणूस आम्हाला नको. बरं, आमच्याकडे नोकऱ्या नाहीत. मला नोकरी नकोच आहे. नोकरी नको असलेलं माणूसही नको. आणि आलास कुठून? शिकागो विद्यापीठातून. मग तर नकोच! मिक्वांनी ही गोष्ट आयुष्यभर हसत सांगितली. शिकागोच्या राजकारणात ती म्हणीसारखी झाली आहे, तुझ्या त्या चार माणसांना विचार, पाठ असेल.

असा न पाठवलेला माणूस आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, इलिनॉयच्या विधिमंडळात निवडून आला. मधल्या काळात त्याने सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती शर्मन मिंटन यांच्याकडे क्लार्क म्हणून काम केलं होतं. (बाबांना सांग, हा क्लार्क वेगळा. नवा वकील वर्षभर न्यायमूर्तींच्या हाताखाली संशोधन करतो आणि निकालांचे कच्चे मसुदे लिहितो.) गंमत म्हणजे हे मिंटन स्वतः इंडियानाचे माजी सिनेटर. राजकारणातून आलेल्या न्यायाधीशाकडेच त्याने धडे गिरवले.

तो निवडून आला कसा, हे मात्र नीट समजून घे, नाहीतर चुकीचा धडा घेशील. तेव्हा इलिनॉयमध्ये एका मतदारसंघातून तीन प्रतिनिधी जात. प्रत्येक मतदाराला तीन मतं, आणि ती तिन्ही एकाच उमेदवाराला देता येत. पक्षाच्या यंत्रणेला नको असलेला, पण हाइड पार्कसारख्या विद्यापीठाच्या वस्तीत हवासा असलेला माणूस अशा पद्धतीत तरून जायचा. १९८० मध्ये लोकांनीच मत देऊन ती पद्धत काढून टाकली. आता एका मतदारसंघातून एकच, एकूण ११८. तेव्हा 'मिक्वा एकटा लढला, मीही लढेन' असं मनात आणू नकोस. तुला चार माणसं विचारायला आली आहेत, म्हणजे तुला कुणीतरी पाठवतंय. कोण, आणि का, हे पहिल्या चहाला विचारून घे. जागा सहज जिंकण्यासारखी असेल तर त्यांच्याकडे आणखी कुणी का नाही? आणि जिंकण्यासारखी नसेल तर नुसतं नाव भरायला तू हवी आहेस का?

मिक्वा दहा वर्षं स्प्रिंगफील्डला होते. नोकरीत समान संधी, घरं विकताना-भाड्याने देताना वंशभेद नको, असल्या कायद्यांसाठी भांडले, बरेचदा हरले. पुढचा भाग तुझ्या नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव. १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेससाठी, म्हणजे देशाच्या संसदेसाठी, स्वपक्षाच्याच वयोवृद्ध प्रतिनिधीविरुद्ध प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) लढवली, हरले. १९६८ मध्ये त्यांनाच हरवून गेले. दोन मुदती झाल्या आणि मतदारसंघांची फेरआखणी झाली, पायाखालची जमीनच गेली. मग शहराच्या दक्षिण टोकाचं बिऱ्हाड उचललं आणि उत्तरेला एव्हन्स्टनला नेलं. १९७२ मध्ये तिथे हरले. १९७४ मध्ये जिंकले. १९७६ मध्ये जिंकले ते अवघ्या २०१ मतांनी. आपल्याकडे एका सोसायटीत याहून जास्त मतं असतात! तीन मुली घरात, आणि दर दोन वर्षांनी हे असं. लोकप्रतिनिधीचं घर म्हणतात ते हे. स्प्रिंगफील्डच्या खेपांचं त्यामानाने काहीच नाही.

तरी त्या खेपांचंही बोलू. तुझ्याकडून सव्वातीनशे किलोमीटर. अधिवेशनाचा मुख्य जोर जानेवारी ते मे अखेर, मग शरद ऋतूत थोडे दिवस. हे बारमाही नाही. म्हणून 'कोण करणार' असं नको, 'जानेवारी ते मे मंगळवार-बुधवार-गुरुवार मुलीला शाळेतून कोण आणणार' असा प्रश्न मांड. पहिल्या प्रश्नावर भांडण होतं, दुसऱ्यावर कॅलेंडर निघतं. आणि नवरा 'तुझं तू ठरव' म्हणतो ना, ते वाक्य मला फारसं आवडलेलं नाही. अर्धा भार उचलायचं त्यात कुठेच नाही.

आता बाबांच्या भीतीकडे येते. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी मिक्वांचं नाव वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासाठी सुचवलं. डी.सी. सर्किट म्हणतात त्याला. सरकारी खात्यांच्या कारभाराची प्रकरणं तिथे येतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाखालोखाल त्याचा मान. मिक्वांनी काँग्रेसमध्ये हातबंदुकांच्या विक्रीवर बंदी मागितली होती. बंदूकवाल्यांची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, उसळून उठली आणि नेमणूक पाडायला तिने जंग जंग पछाडलं. म्हणजे तुझे बाबा म्हणतात तेच झालं, पाटीवरचं एकूण एक अक्षर वाचून दाखवलं गेलं. सिनेटचं मतदान झालं ५८ विरुद्ध ३१. नेमणूक पक्की.

तिथेही संपलं नाही. आयडाहोचे सिनेटर जेम्स मॅक्लूर यांनी दावा लावला. मुद्दा तुला वकील म्हणून आवडेल. संविधान सांगतं की काँग्रेसच्या सदस्याच्या चालू मुदतीत ज्या सरकारी पदाचा पगार वाढला, त्या पदावर त्याला त्या मुदतीत नेमता येत नाही. जजांचे पगार वाढले होते. मग मिक्वा बसले कसे? कोर्टाने मूळ मुद्द्याला हातच लावला नाही. सिनेटमध्ये मत देऊन तुम्ही हरलात, तेच भांडण घेऊन इथे दाद मागण्याचा अधिकार तुम्हाला नाही, या धर्तीवर १९८१ मध्ये दावा काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. ह्युगो ब्लॅक १९३७ मध्ये सिनेटमधून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हाही याच कलमावरून कुरबूर झाली होती, तीही अशीच अधिकाराच्या मुद्द्यावर विरली. तुझ्यापुरतं बघायचं तर हे कलम काँग्रेसच्या सदस्यांना आहे, राज्याच्या प्रतिनिधींना नाही. तुला त्याची झळ लागत नाही.

खुर्चीवर बसल्यावर काय झालं, हे मला सगळ्यात रंजक वाटतं. त्या कोर्टात तेव्हा कोण कोण होतं बघ. रूथ बेडर गिन्सबर्ग, रॉबर्ट बोर्क, अँटोनिन स्कॅलिया. १९८५ मध्ये न्यूयॉर्कचे माजी सिनेटर जेम्स बकलीही आले. बकली उजवे, मिक्वा डावे, दोघेही निवडणुका लढवून आलेले, आता काळे झगे घालून एकाच पीठावर. मिक्वा कायद्याचा अर्थ लावताना समित्यांचे अहवाल आणि सभागृहातली चर्चा वाचायला बघत. कलम कसं शिजतं, कुठला शब्द कुणाची समजूत काढायला घातलेला असतो, हे त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं होतं. स्कॅलियांना हे अजिबात पटायचं नाही. त्यांच्या मते कायद्याचा मजकूर तोच कायदा, बाकी बडबड. मी आयुष्यभर दिवाणी वकिली केली, मला मिक्वांचं जास्त पटतं, पण स्कॅलियांचा दंश पूर्ण खोटा नाही, कारण समितीचे अहवाल कोण आणि कसे लिहितात हेसुद्धा त्या स्वयंपाकघरातल्यांनाच माहीत असतं.

१९९३ मध्ये एका तरुणाचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. नौदल अकादमीत पदवी मिळायला काही आठवडे राहिले असताना, आपण समलिंगी आहोत हे त्याने लपवलं नाही म्हणून त्याला बाहेर काढलं होतं. मिक्वांनी निकाल त्याच्या बाजूने लिहिला. पुढच्याच वर्षी पूर्ण पीठाने तो फिरवला. निवडणुकीत हरण्याची सवय असलेला माणूस होता, हेही पचवलं असणार.

आणि हे वाचून तुझे बाबा बहुधा चष्मा काढून ठेवतील. १९९१ पासून या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेल्या मिक्वांनी १९९४ मध्ये तहहयात खुर्ची सोडली आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे कायदेशीर सल्लागार म्हणून व्हाइट हाऊसमध्ये गेले. वय ६८. वर्षभरात तेही सोडून घरी आले. पुढे शिकागोत शाळेतल्या मुलांना लोकशाहीच्या कामाला जुंपणारी एक संस्था बायकोबरोबर उभी केली. २०१६ मध्ये, चार जुलैला, गेले. ज्या खुर्चीसाठी तू पाटी कोरी ठेवणार आहेस, तिच्यावरून हा माणूस पंधरा वर्षांनी आपणहून उठला.

आपल्याकडेही हे अगदीच घडलेलं नाही असं नाही. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ मध्ये केरळात मंत्री होते, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यांचे निकाल आजही वाचले जातात. मुंबई उच्च न्यायालयाचे छगला उलट्या दिशेने गेले, आधी मुख्य न्यायमूर्ती, नंतर अमेरिकेत राजदूत आणि मग केंद्रात मंत्री. तेव्हाही नाकं मुरडली गेलीच. बाबांना ही नावं आठवतील.

पण मी तुला फसवणार नाही. तुझ्या वाटेला सर्वात जवळची म्हणजे सँड्रा डे ओ'कॉनर. स्टॅनफर्डमधून पास झाल्यावर एका मोठ्या फर्मने त्यांना सेक्रेटरीची नोकरी देऊ केली होती. पुढे ॲरिझोनाच्या राज्य सिनेटमध्ये बहुमताच्या नेत्या झाल्या, मग राज्याच्या कोर्टात जज, आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, ९९ विरुद्ध शून्य मतांनी. आज त्या न्यायालयात एकही न्यायमूर्ती असा नाही ज्याने कधी निवडणूक जिंकली आहे. खालच्या फेडरल न्यायालयांतही हल्ली सरकारी वकील, राज्यातले किंवा मॅजिस्ट्रेट जज, मोठ्या फर्ममधले वकील यांचीच नावं जास्त पुढे येतात. खुर्ची हेच एकमेव ध्येय असेल तर विधिमंडळ हा लांबचा वळसा आहे. सरळ फेडरल सरकारी वकिलाच्या कचेरीत अर्ज कर आणि दहा वर्षं उत्तम काम कर. किंवा राज्याच्या सर्किट कोर्टाकडे बघ, खटले आधी चालतात ते राज्याचं कोर्ट, मिक्वांच्या डी.सी. सर्किटशी त्याचा संबंध नाही. फक्त तेव्हा बाबांना हळूच सांग की इलिनॉयमध्ये सर्किट जज पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवूनच होतात आणि नंतर टिकून राहायला दर सहा वर्षांनी साठ टक्के मतं लागतात. झेंडा तिथेही सुटत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. फेडरल जज व्हायचंय असं लिहिलंस, पण होऊन काय करायचंय याबद्दल एक शब्द नाही. मजुरी बुडवलेल्या कामगारांबद्दल मात्र आहे. त्यांच्या मजुरीचा कायदा शिकागोच्या फेडरल इमारतीत लिहीत नाहीत, स्प्रिंगफील्डला लिहितात. म्हणून माझं मत विचारशील तर उभी राहा. पण एका अटीवर. जजची खुर्ची कधीच मिळाली नाही तरी ही दोन-चार वर्षं वाया गेली असं वाटणार नाही, हे स्वतःला रात्री दिवा मालवल्यावर विचार. उत्तर चाचरत आलं तर उभी राहू नकोस, कारण मग प्रत्येक विधेयकावर मत देताना तुझ्या मनात ती सिनेटची सुनावणी चालेल, आणि असा प्रतिनिधी कुणाच्याच कामाचा नसतो. मिक्वांनी बंदुकांवर बोलताना पुढच्या नेमणुकीचा हिशेब केला असता, तर ३१ मतं विरुद्ध पडली नसती, हे खरं. पण त्यांचं नाव तरी कुणी सुचवलं असतं का?

उभी राहिलीस तर आजपासून एक कर. जे बोलशील, लिहिशील, त्याची प्रत ठेव. सिनेटच्या न्यायसमितीची प्रश्नावली सगळं मागते, प्रत्येक भाषण, प्रत्येक लेख, पक्षाचं प्रत्येक काम. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत केलेलं पाच मिनिटांचं भाषणसुद्धा तारखेसकट. लपवलेलं निघालं तर नाव बुडतं. फर्ममधल्या भागीदारांशीही आत्ताच बोल. विधिमंडळाचं काम करून वकिली करता येते, पण कुठली प्रकरणं तू घ्यायची नाहीस हे कागदावर ठरव.

आणि सह्या. मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीसाठी आदल्या वर्षीच तुझ्या मतदारसंघातल्या किमान पाचशे मतदारांच्या सह्या लागतात. तू हजाराच्या वर घे. शिकागोकडे विरोधकाच्या सह्यांवर हरकती घेऊन नाव मतपत्रिकेवरून काढून टाकणं हा जुना खेळ आहे. बराक ओबामा १९९६ मध्ये राज्य सिनेटला पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांनीही असंच करून प्राथमिक फेरीतले सगळे प्रतिस्पर्धी घालवले होते. (याच ओबामांना मिक्वांनी क्लार्कची जागा देऊ केली होती. नको म्हणाले.) अमुक मतदार पत्त्यावर राहत नाही, तमक्याची सही यादीशी जुळत नाही, गोळा करणाऱ्याची सही नोटरीपुढे झालेली नाही, असल्या कारणांवर पानंच्या पानं उडतात. पानांना ओळीने क्रमांक हवेत आणि गठ्ठा एका कडेला पक्का बांधलेला हवा, सुटे कागद चालत नाहीत. बाबा त्या सुमारास तुझ्याकडे येणार असतील तर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. पानांवर क्रमांक घालणं आणि फाइल शिवणं त्यांनी नोकरीभर केलंय.